पिसाळलेल्या कोल्ह्यातला विषाणू कुणाचा?

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या पट्ट्यात रेबीजचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, हे रानातनं गावात आलं, की गावातनं रानात गेलं?" गुराख्यांना हा प्रश्न पडतो, वनखात्याच्या माणसांना पडतो, ज्याची म्हैस गेली त्याला तर पडतोच. उत्तर मात्र जो तो आपापल्या कलानं देतो. गावकरी कोल्ह्याकडं बोट दाखवतात, प्राणिप्रेमी मंडळी माणसाच्या बेफिकिरीकडं, आणि ग्रामपंचायत शेजारच्या ग्रामपंचायतीकडं. मी जनावरांचा डॉक्टर. मला आज एवढंच सांगायचंय की या प्रश्नाचं उत्तर मेलेल्या जनावराच्या मेंदूत असतं आणि ते वाचता येतं. आपण ते न वाचताच पुरून टाकतो, ही माझी तक्रार आहे.

आधी रोगाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. जगभरात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भारतात. अलीकडं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीतून भारतातल्या मृत्यूंचा आकडा वर्षाला ५,७०० च्या आसपास निघाला. दोन आकड्यांत केवढी तफावत आहे बघा! नोंदच नीट होत नसेल तर अंदाजांत एवढं अंतर पडणारच. पण एका गोष्टीबद्दल कुणाचं दुमत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि चावल्याबरोबर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन, लस आणि गरज असेल तिथं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, वेळेत घेतलं, तर जवळपास कधीच मरत नाही. चुना, मिरची, हळद यांतलं काहीही जखमेत भरू नका. मंतरलेलं पाणी पिऊन गप्प बसू नका. हे मी प्रत्येक गावात सांगतो, आजही सांगितलं.

आता हा विषाणू शरीरात करतो काय? चाव्यातून लाळ आत जाते. विषाणू रक्तातून फिरत नाही, तो नसांमधून मेंदूकडं सरकतो. म्हणून पायाला चावलं तर वेळ जास्त लागतो, तोंडाला चावलं तर कमी. बहुतेक वेळा एक ते तीन महिने. मेंदूत पोचला की तिथून परत नसांवाटे लाळग्रंथीत उतरतो, आणि नेमक्या त्याच काळात जनावराचं भान सुटून ते चावायला धावतं. कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरल्यानंतर ते साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा असं आम्ही सांगतो, त्याचं कारण हेच. लक्ष ठेवायचं म्हणजे लस थांबवून वाट बघायची असं मात्र नाही.

गाई-म्हशींत हा रोग वेगळ्या रूपात येतो, आणि इथं माणसं फसतात. म्हैस चारा सोडते. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. गिळता येत नाही. हंबरते, पण आवाज घोगरा, फाटलेला येतो. शेपटी वर धरून सारखी कुंथत राहते. मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलं, भेंडा नाहीतर आंब्याची कोय. मग तो बाही वर सारतो आणि कोपरापर्यंत हात तोंडात घालून चाचपतो. पाठोपाठ मुलगा बघतो, शेजारी बघतो. एकेका म्हशीमागं घरातली चार-पाच माणसं लाळेत हात घालून बसलेली असतात, आणि हाताला चाऱ्यानं ओरखडलेलं असतंच. लाळ गळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही. घातला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

म्हैस मरते तिथं तो विषाणूही संपतो. म्हैस दुसऱ्या म्हशीला चावत नाही. तेव्हा म्हैस, गाय, घोडा, माणूस हे सगळे रोगाचे बळी, पण रोग पुढं चालवणारे नव्हेत. चालवणारा कुणीतरी वेगळा असतो. तो चावतो, त्यानं चावलेला पुढं चावतो, आणि साखळी तुटत नाही. आपल्या मुलखात हा चालवणारा कोण? गावातलं कुत्रं, की उसात आणि जंगलाकाठी फिरणारा कोल्हा, की दोघंही? लस कुणाला टोचायची, पैसा कुठं घालायचा, हे सगळं याच उत्तरावर ठरतं.

आणि चावा बघून हे कळत नाही. कोल्हा चावला म्हणजे विषाणू कोल्ह्यांचा असं नाही. त्या कोल्ह्याला महिनाभर आधी कुत्रं चावलेलं असू शकतं.

इथं जनुकांचा अभ्यास कामाला येतो. रेबीजचा विषाणू म्हणजे आरएनएचा एक धागा, त्यावर साधारण बारा हजार अक्षरं. चारच अक्षरांची लिपी. एवढ्याशा मजकुरात फक्त पाच जनुकं बसतात: एन, पी, एम, जी आणि एल. विषाणू वाढताना या मजकुराच्या नकला होतात आणि नक्कल करणाऱ्या विकराला झालेली चूक तपासून दुरुस्त करता येत नाही. भजनी मंडळांच्या वह्या आठवा. एका गावची वही दुसऱ्या गावानं उतरवून घेतली, तिसऱ्यानं दुसऱ्याची उतरवली. कुणाच्या हातून एक ओळ गळली, कुणी एक शब्द बदलला. पुढं त्या वहीवरून जेवढ्या वह्या झाल्या तेवढ्यांत तीच ओळ गळलेली आणि तोच शब्द बदललेला. दहा गावांच्या वह्या समोर मांडल्या तर कुणी कुणाची उतरवली हे न विचारता सांगता येतं. विषाणूंच्या बाबतीत नेमकं हेच करतात. दोन जनावरांतल्या विषाणूंत समान चुका जितक्या जास्त, तितका त्यांचा पूर्वज जवळचा.

काम होतं कसं तेही सांगतो. मेंदूच्या तुकड्यातून आरएनए वेगळं काढतात, त्याचं डीएनएत रूपांतर करतात, पीसीआरनं त्याच्या असंख्य प्रती करतात आणि सिक्वेन्सर यंत्रावर अक्षरं वाचून घेतात. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी जेनबँकेत ठेवलेल्या मजकुरांशी ताडून वंशवृक्ष काढतात. पूर्वी बहुतेक एन जनुकच वाचायचे, सुमारे १,३५० अक्षरांचं. घराणं ओळखायला तेवढं पुरतं. पण एकाच तालुक्यातल्या दोन साखळ्या वेगळ्या काढायच्या तर पूर्ण बारा हजार अक्षरं वाचलेली बरी, कारण सगळ्या मजकुरात मिळून वर्षाला बदल होतात ते जेमतेम दोन-चार. आता हातात मावेल एवढं सिक्वेन्सर यंत्र मिळतं, लॅपटॉपला जोडून चालतं.

या वाचनातून काय काय कळलं, ते फार मनोरंजक आहे. कुत्र्यांशी निगडित रेबीजची जगात काही मोठी घराणी आहेत. भारतात बहुतेक ठिकाणी सापडतं ते 'आर्क्टिकसदृश' म्हणतात ते घराणं. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत दुसरं एक सापडतं, 'भारतीय उपखंडीय' नावाचं, आणि कुत्र्यांच्या विषाणूंच्या वंशवृक्षात ते अगदी बुंध्याजवळ बसतं. अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत पसरलेलं तिसरं घराणं युरोपीय वसाहतवाल्यांच्या कुत्र्यांबरोबर जहाजांतून गेलं असं मानतात. आपला मुंगूसच घ्या. १८७० च्या दशकात उसातले उंदीर मारायला तो भारतातून कॅरिबियन बेटांवर नेऊन सोडला. आज प्वेर्तो रिको आणि क्यूबात रेबीज पसरवणारा मुख्य प्राणी तोच. पण त्याच्या मेंदूतला विषाणू वाचला तर तो भारतातला नाही! तो त्याच वसाहतींच्या कुत्र्यांच्या घराण्यातला. प्राणी इथून गेला, रोग त्याला तिथं गेल्यावर लागला. नुसतं प्राण्याकडं बघून निदान केलं असतं तर आळ आपल्यावर आला असता.

टांझानियातल्या सेरेंगेटीचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. तिथं वन्यप्राणी भरपूर, रेबीजही कितीतरी जातींत सापडलेला. रोग रानातच मुरलाय असं वाटावं अशी परिस्थिती. नमुने वाचले तेव्हा दिसलं की प्रत्येक जातीची स्वतंत्र शाखा नाहीच, सगळ्यांत एकाच घराण्याचा, कुत्र्यांमध्ये फिरणारा विषाणू. म्हणजे गावातल्या कुत्र्यांना लस दिली की रानातले प्राणीही वाचणार. इथिओपियातल्या बाले पर्वतात २००३ साली लांडगे मेले तेही कुत्र्यांच्याच विषाणूनं. तो लांडगा जगात पाचशेच्या आसपास उरलाय. आपल्या पूर्वेच्या माळांवर लांडगा अजून आहे आणि मेंढपाळांची कुत्रीही तिथंच आहेत, म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

पण वन्यप्राण्यांना सरसकट निर्दोष ठरवणंही बरोबर नाही. १९८८ च्या सुमारास मेक्सिकोच्या हद्दीला लागून दक्षिण टेक्सासमध्ये कुत्र्यांचा विषाणू कायोटींमध्ये शिरला. कायोटी म्हणजे तिकडचा कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी. तो त्यांच्यात टिकला, आपल्या आपण फिरू लागला. नुसत्या कुत्र्यांना लस देऊन तो हटेना. १९९५ पासून विमानातून लशीची आमिषं टाकावी लागली, तेव्हा कुठं साखळी तुटली, आणि २००७ साली अमेरिका कुत्र्यांच्या रेबीजमधून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला २००१ साली स्कंक नावाचे प्राणी पिसाळून मेले, त्यांच्यात सापडला वटवाघळांचा विषाणू, आणि तो स्कंकांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडं चाललेला होता. तेव्हा विषाणू आपला यजमान, म्हणजे ज्या प्राण्यात तो टिकून राहतो तो प्राणी, बदलू शकतो. क्वचित, पण बदलतो. तो बदलला की नाही हे सांगायला वंशवृक्षाशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

आता आपल्या मुलखाकडं येतो. भारतात वन्यप्राण्यांतून वाचलेले रेबीजचे विषाणू आतापर्यंत कुत्र्यांच्या घराण्यांतच बसलेले आहेत. म्हणून माझा कल स्पष्ट आहे. आपल्याकडं साखळी चालवणारा कुत्राच असणार, आणि कोल्हा बहुतेक वेळा बळी. पण कल म्हणजे पुरावा नव्हे, आणि हा जिल्हा साधा नाही. पश्चिमेला भीमगडचं जंगल, त्याला लागून गोवा आणि चंदगड. उत्तरेला निपाणी, चिकोडी, अथणीचा ऊसपट्टा. उसाच्या फडात कोल्ह्याला लपण आहे, उंदीर-घुशींचं खाणं आहे, पिल्लं घालायला जागा आहे. फड तुटू लागले की तो शिवारात उघडा पडतो आणि वस्तीवरच्या कुत्र्यांशी गाठ पडते. त्याच हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाडीमागं एखादं कुत्रंही येतं. मेंढरांचे कळप पावसाळ्यापुरते पूर्वेला आणि नंतर परत पश्चिमेला, त्यांच्याबरोबर राखणीची कुत्री. पिसाळलेलं कुत्रं स्वतःच्या पायांनी फार तर काही मैल जाईल. शे-दोनशे मैल रोग जातो तो माणसाबरोबर, गाडीत बसून. कुठल्या वाटेनं किती गेला, हे सगळं त्या अक्षरांत उमटलेलं असणार. वाचणारे हवेत.

आणि वाचलं की उपयोग होतो, याचं उदाहरण चोर्ला घाट उतरलं की समोर आहे. गोव्यात २०१३ नंतर कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. गावोगाव जाळी घेऊन माणसं फिरली, वर्षाला राज्यातल्या बहुतांश कुत्र्यांना लस मिळू लागली. २०१८ पासून तिथं रेबीजनं माणूस मेल्याची नोंद नव्हती, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. एवढं झाल्यावर मधूनच एखादं पिसाळलेलं कुत्रं सापडतं, तेव्हा प्रश्न येतो: आपली मोहीम कुठं कमी पडली, की हे बाहेरून आलं? अशा एका कुत्र्याचा विषाणू तिथं त्या हातात मावणाऱ्या यंत्रावर वाचला गेला. तो स्थानिक साखळीतला नव्हता, बाहेरून आलेला होता. २०२० साली हे काम प्रसिद्ध झालं. कुठून आला यावर मी बोलणार नाही. पण गोव्याचे शेजारी दोनच, महाराष्ट्र आणि कर्नाटक, आणि त्या दोघांच्या मधल्या कोपऱ्यात आपण राहतो. सीमेचा वाद इथं सगळ्यांना पाठ आहे. इथं मराठीत पिसाळलेला कुत्रा म्हणा की कन्नडमध्ये हुच्चु नायी म्हणा, चंदगडचं कुत्रं खानापूर तालुक्यात आलं तर नोंद कुठल्या राज्यानं करायची यावर अडून बसणं आपल्याला परवडणारं नाही. तिन्ही राज्यांच्या पशुवैद्यकांनी नमुने एकमेकांशी ताडले पाहिजेत. एवढं झालं तरी मोठं काम होईल.

या तंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वर्षाला दोन-चारच अक्षरं बदलतात म्हणून लागोपाठच्या दोन चाव्यांत विषाणूचा मजकूर एकसारखाच निघू शकतो. अमक्याच्या मोत्यानं तमक्याच्या म्हशीला चावलं, असा निवाडा त्यातून मागू नका. तिथं कोण कधी कुठं पिसाळलं याची तारीखवार नोंदच लागते. आणि तुलनेला आजूबाजूचे नमुने नसतील तर एकट्या मजकुरातून काही निघत नाही. जिथले नमुने कधी घेतलेच नाहीत ती जागा वंशवृक्षात रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेवरून चुकीचे निष्कर्ष निघतात.

म्हणून नमुना. कर्नाटकात सोय नाही असं कुणी म्हणू नये. बेंगळुरूला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रेबीज निदानाची प्रयोगशाळा आहे, जागतिक प्राणी आरोग्य संघटनेची मान्यताप्राप्त संदर्भ प्रयोगशाळा. निम्हान्स तर माणसांतल्या रेबीजसाठी देशात नावाजलेली संस्था. अडचण आहे ती मधल्या पाचशे किलोमीटरची आणि पहिल्या बारा तासांची. जनावर मेलं की दुपारपर्यंत खड्डा खणून होतो. उन्हाळ्यात मेंदू लवकर सडतो. फॉर्मालिनमध्ये टाकून पाठवला तर चकाकणारी प्रतिपिंडं टाकून विषाणू ओळखायच्या नेहमीच्या तपासणीलाही अडचण आणि जनुकं वाचायलाही. बर्फ हवा, नाहीतर निम्मं ग्लिसरीन मिसळलेलं सलाईन.

पूर्वी कवटी फोडावी लागायची. त्याला वेळ जायचा, कुऱ्हाडीनं कण उडायचे, करणाऱ्यालाच धोका. आता त्याची गरज नसते. जनावराचं डोकं खाली वाकवलं की मानेच्या पहिल्या मणक्याच्या आणि कवटीच्या मध्ये, जिथून मज्जारज्जू बाहेर पडतो, तिथं एक भोक उघडं होतं. त्यातून शीतपेयाच्या नळीएवढी प्लास्टिकची नळी डोळ्याच्या दिशेनं फिरवत आत ढकलायची, चिमटून बाहेर काढायची. नळीत मेंदूच्या बुंध्याचा आणि लहान मेंदूचा तुकडा येतो, आणि तपासणीला नेमका तोच भाग लागतो. पाच-दहा मिनिटांचं काम. मात्र ते स्वतः आधी लस घेतलेल्या, शिकलेल्या माणसानंच करायचं, दुहेरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी लावून. तुम्ही फक्त कळवा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे. मेलेलं जनावर झाकून ठेवा, कुत्र्यांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका आणि आम्ही पोचेपर्यंत पुरू नका. कोल्हा, लांडगा, मुंगूस असेल तर हात न लावता आधी वनखात्याला सांगा. त्यांच्या परवानगीशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही, आम्हीही नाही.

बेळगावचं व्हॅक्सिन डेपोचं मैदान आपल्या सगळ्यांच्या पायाखालचं आहे. देवीची लस एकेकाळी तिथं तयार व्हायची. ज्या गावात लस बनत होती त्या गावच्या जिल्ह्यात म्हशीच्या मेंदूचा एक तुकडा बर्फातून बेंगळुरूला पाठवणं अशक्य आहे, असं मला कुणीही पटवू शकणार नाही.

प्रश्नांसाठी वेळ ठेवलाय. बोला.

(श्रोत्यांपैकी एका गृहस्थांनी विचारलं: पिसाळलेल्या म्हशीचं दूध घरात प्यायलं गेलं असेल तर?)

उकळलेलं असेल तर घाबरू नका, उकळीत हा विषाणू टिकत नाही. कच्चं प्यायलं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते ठरवतील. धोका दुधाहून धार काढणाऱ्याला आणि तोंडात हात घालणाऱ्याला जास्त.

(एका तरुणानं विचारलं: भीमगडच्या गुहांतल्या वटवाघळांपासून धोका आहे का?)

प्रत्यक्ष रेबीजचा विषाणू वटवाघळांत सापडतो तो फक्त अमेरिका खंडांत. आशियातल्या वटवाघळांत त्याचे चुलत भाऊबंद आहेत. श्रीलंकेतल्या फळखाऊ वटवाघळांत गन्नोरुवा नावाचा असाच एक विषाणू सापडला. बारापेडेच्या गुहेतलं वटवाघूळ जगात फारच कमी ठिकाणी उरलंय, त्याला धूर करून हुसकू नका. पण कुठलंही वटवाघूळ चावलं तर जखम धुवा आणि लस घ्या, त्यात तडजोड नको.

(मागून एका शेतकऱ्यानं विचारलं: कोल्हेच मारून टाकले तर प्रश्न मिटणार नाही का?)

युरोपनं ते करून पाहिलं. त्यांच्याकडं साखळी खरोखरच तांबड्या कोल्ह्यानं चालवलेली होती. कित्येक वर्षं गोळ्या घातल्या, बिळांत विषारी वायू सोडला. रोग पुढंच सरकत राहिला, कारण मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचे तरणे कोल्हे येत आणि येताना रोगही आणत. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये रोन नदीच्या खोऱ्यात प्रथमच कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली, आणि रोग त्या खोऱ्यात अडला. १९९९ पर्यंत तो देश मुक्त झाला. आपल्याकडं तशी आमिषं लागतील का? कोल्ह्यांत स्वतंत्र शाखा सापडली तर विचार करावा लागेल. नाही सापडली तर तोच पैसा कुत्र्यांच्या लसीवर घालायचा. कुत्र्यांत शंभरातल्या सत्तरांना लस पोचली की साखळी तुटते, कारण एक पिसाळलेलं कुत्रं सरासरी एक-दोनच कुत्र्यांना रोग देतं. तुमच्या शिवारात पुढच्या वेळी कोल्हा मेलेला दिसला, तर त्या दोनांतलं काय करायचं ते त्याच्याच मेंदूतून ठरेल.